जपानमध्ये मुलांना सिनेमाला नेताना: पीजी १२, आर १५+ आणि आर १८+ या शिक्क्यांचे नियम, क्रमवार

जपानमध्ये राहणारी किंवा सुट्टीत तिथे जाणारी मराठी कुटुंबे सिनेमाच्या तिकिटांबाबत एक चूक पुन्हा पुन्हा करतात. आपल्याकडच्या ‘यूए’ प्रमाणपत्राची सवय डोक्यात असते. ‘पालक सोबत असले की मूल आत जाऊ शकते’ असे गृहीत धरून पोस्टरवर आर १५+ (पंधराखालच्यांना प्रवेश नाही) दिसत असतानाही तिकिटे काढली जातात. मग दारावरचा कर्मचारी अत्यंत नम्रपणे तेरा वर्षांच्या मुलीला अडवतो. पैसे परत मिळत नाहीत, निम्मे कुटुंब आत आणि निम्मे बाहेर अशी वेळ येते, आणि मुलीचा दिवस खराब होतो. तिची त्यात काहीच चूक नसते.

उलटी चूकही तितकीच होते. पीजी १२ हा फक्त पालकांच्या मार्गदर्शनाचा शिक्का पाहून पालक दहा वर्षांच्या मुलाला ‘तुला परवानगी नाही’ म्हणून घरी ठेवतात, आणि वर्गातली बाकी सगळी मुले तो चित्रपट पाहून येतात.

हे टाळण्यासाठी काही गोष्टी ठरावीक क्रमाने तपासाव्या लागतात. सगळी पडताळणी तिकीट काढण्याआधी व्हायला हवी, कारण नंतर कळून फारसा उपयोग होत नाही.

१. आधी ठरवा: तुम्ही नेमके काय आणि कुठे पाहणार आहात?

चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटांना वयाचा शिक्का देणारी संस्था म्हणजे एइरिन. ते सरकारी खाते नाही. चित्रपट व्यवसायाने स्वनियमनासाठी उभी केलेली ती संस्था आहे, आणि रोजच्या निर्णयांत ती निर्मात्यांपासून स्वतंत्र राहते. शिक्का घेणे कायद्याने सक्तीचे नाही. पण चित्रपटगृहांच्या देशव्यापी संघटनेने एइरिनचा शिक्का असलेलेच चित्रपट लावायचे असे मान्य केलेले आहे, त्यामुळे बड्या साखळ्यांच्या पडद्यावर शिक्क्याविना चित्रपट लागत नाही.

एइरिनचा शिक्का चित्रपटगृहाच्या दारापुरता असतो. त्याच दाराबाहेर त्याच चित्रपटाला वेगळे नियम लागतात, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो:

टीव्हीवर एइरिनची वर्गवारी लागू होत नाही. तिथे वाहिन्या स्वतःची पथ्ये पाळतात, आणि प्रसारणानंतरच्या तक्रारींसाठी बीपीओ नावाची स्वतंत्र संस्था आहे. २०२० साली पीजी १२ शिक्क्यासह लागलेला ‘डेमन स्लेयर’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतला ‘मुगेन ट्रेन’ हा चित्रपट सप्टेंबर २०२१ मध्ये फुजी टीव्हीने रात्री नऊच्या सुमारास घराघरांत दाखवला. तिथे दार नव्हते आणि कर्मचारीही नव्हता. त्या वेळी मुलासोबत बसायचे की नाही हे सर्वस्वी पालकांनीच ठरवायचे होते.

स्ट्रीमिंग सेवा आपापले वयोगट लावतात. नेटफ्लिक्सवर दिसणारे ‘१३+’ किंवा ‘१६+’ हे त्यांचे स्वतःचे असतात, एइरिनचे नव्हेत.

व्हिडिओ गेमवर दिसणारी ए, बी, सी, डी, झेड ही अक्षरे सेरो या तिसऱ्याच संस्थेची आहेत. एकाच कथेवर गेम आणि चित्रपट दोन्ही निघाले, तर एकाचा शिक्का पाहून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधू नका. सेरोमध्ये सी म्हणजे पंधरा वर्षे, पण तो दुकानदार आणि पालकांसाठीचा इशारा आहे. एइरिनचा आर १५+ मात्र प्रवेशबंदीच आहे.

*तपासा:* पुढची बहुतेक पावले चित्रपटगृहात जाणार असाल तरच लागू होतात. घरी पाहणार असाल तर थेट पाचव्या टप्प्यावर जा.

२. चार शिक्के आणि त्यांचा नेमका अर्थ

सध्याची वर्गवारी १ मे २००९ पासून चालू आहे. त्यात चार शिक्के आहेत.

जी: सर्व वयांसाठी खुला.

पीजी १२: बारा वर्षांखालील, म्हणजे साधारणपणे प्राथमिक शाळेतल्या, मुलाने हा चित्रपट पाहताना पालकांचा सल्ला आणि मार्गदर्शन आवश्यक आहे. ही प्रवेशबंदी नाही. पालकाने शेजारच्या खुर्चीवर बसलेच पाहिजे असेही एइरिन म्हणत नाही. मूल तो चित्रपट पाहणार हे पालकाला माहीत असावे आणि त्याविषयी त्याने मुलाशी बोलावे, एवढीच अपेक्षा आहे.

आर १५+: पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश. पंधराखालील मुलाला आई, वडील किंवा आजोबा सोबत असले तरी प्रवेश नाही. लेखी परवानगी चालत नाही, पालक स्वतः दारात उभे राहिले तरी चालत नाही. तान्हे बाळही पंधरा वर्षांखालीच मोडते. ‘बाळाला काय कळणार आहे’ हा युक्तिवाद दारावर उपयोगाचा नाही, आणि मांडीवरच्या बाळाला तिकीट लागत नाही याचा अर्थ त्याला प्रवेश आहे असा नव्हे.

आर १८+: अठरा पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश. इथे स्थानिक कायद्याचे बळही असते. जपानमधल्या प्रांतांचे अल्पवयीनांच्या संरक्षणाचे स्वतःचे अध्यादेश आहेत, त्यामुळे चित्रपटगृहे या शिक्क्याबाबत कोणतीही तडजोड करत नाहीत.

पीजी १२ पर्यंतचा निर्णय पालकांचा असतो, आणि आर १५+ पासून तो पालकांच्या हातात राहत नाही. आपल्याकडच्या यूए प्रमाणपत्राशी तुलना करायची असेल तर फक्त पीजी १२ ची करा. आर १५+ ला आपल्याकडे तंतोतंत जुळणारा शिक्का नाही. आपल्याकडचे ‘ए’ प्रमाणपत्र कडक आहे, पण त्याची रेषा अठरावर आहे.

*सावधान:* ‘आर १८+ म्हणजे काहीही न कापलेला, न झाकलेला चित्रपट’ ही समजूत चुकीची आहे. जपानच्या दंडसंहितेतील कलम १७५ अश्लील साहित्याच्या प्रसारावर बंदी घालते, आणि वयाचा कोणताही शिक्का त्यातून सूट देत नाही. म्हणून प्रौढांसाठीच्या चित्रपटांतही काही भाग धूसर केलेला दिसतो. एखादा आशय एइरिनला कोणत्याच वर्गात बसवता आला नाही, तर ती त्याला वर्गवारीबाहेर ठेवते, आणि तो चित्रपट संघटनेच्या सदस्य चित्रपटगृहांत लागत नाही.

३. वय मोजा, इयत्ता मोजू नका

जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात, म्हणजे आपल्या नववीच्या आसपास, काही मुलांना पंधरा वर्षे पूर्ण झालेली असतात आणि काहींना नसतात. मित्रांचा गट मिळून आर १५+ चित्रपटाला निघतो, आणि दारावर पाचपैकी दोघे परत फिरतात. मुलांसाठी हा प्रसंग फार अवघडलेपणाचा असतो. घरातूनच जन्मतारखा विचारून घेतल्या तर तो टळतो.

पंधरावा वाढदिवस झालेला आहे का, एवढाच प्रश्न आहे. झाला असेल तर शाळा कोणती, इयत्ता कोणती, याने एइरिनच्या शिक्क्यात फरक पडत नाही.

आता कागदपत्रे. मुलगा उंच असला, मिशी फुटू लागली असली, तरी जन्मतारीख दाखवणारे काहीतरी सोबत हवे. विद्यार्थी ओळखपत्र किंवा शाळेची विद्यार्थी पुस्तिका, मायनंबर कार्ड (जपानचे सरकारी ओळखपत्र), निवास कार्ड, पासपोर्ट यांपैकी एक असले की बहुतेक ठिकाणी भागते. परदेशी कुटुंबांच्या बाबतीत एक बारीक अडचण असते. सोळा वर्षांखालील मुलांनी निवास कार्ड सतत जवळ बाळगण्याची कायदेशीर सक्ती नाही, त्यामुळे पालक ते घरी कपाटात ठेवतात. पंधरा वर्षांची मुलगी आर १५+ चित्रपटाला पूर्णपणे पात्र असते, तरीही तिच्याकडे वय सिद्ध करणारे काहीच नसते. त्या दिवसापुरते कार्ड किंवा पासपोर्ट तिच्या बॅगेत ठेवा. शाळेचे ओळखपत्र नेणार असाल तर त्यावर जन्मतारीख छापली आहे का, ते आधी पाहून घ्या. काही ओळखपत्रांवर फक्त नाव आणि वर्ग असतो.

मोबाईलमधला फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी चालत नाही. त्यावर विसंबून निघू नका.

४. शिक्का योग्य जागी आणि योग्य वेळी पाहा

शिक्का तीन ठिकाणी सापडतो: चित्रपटगृहाच्या वेळापत्रकाच्या पानावर चित्रपटाच्या नावाजवळ, पोस्टर आणि हस्तपत्रकांच्या तळाशी, आणि एइरिनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या यादीत. या तिन्हींत शेवटचे ठिकाण सर्वांत विश्वासाचे आहे. तिथे जपानी नावानेच शोधावे लागते. जपानी वाचता येत नसेल तर चित्रपटगृहाच्या पानावरून नाव जसेच्या तसे उचला, शोधपट्टीत डकवा, आणि निकाल ब्राउझरच्या भाषांतराने वाचा.

इंग्रजी संकेतस्थळांवर, चाहत्यांच्या पानांवर किंवा मुंबईतल्या तिकीट विक्रीच्या ॲपवर दिसणारी वर्गवारी जपानमध्ये कामाची नाही. ‘ओपेनहायमर’चेच घ्या. भारतात जुलै २०२३ मध्ये तो काटछाटीनंतर यूए प्रमाणपत्रासह लागला, म्हणून पुण्यातल्या कितीतरी घरांतून तेरा-चौदा वर्षांची मुले आईबाबांबरोबर तो पाहून आली. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये लागला तेव्हा त्याला आर १५+ होता. तीच मुले टोकियोत दाराबाहेर राहिली असती. उलट दिशेचे उदाहरण ‘मुगेन ट्रेन’: जपानमध्ये पीजी १२, अमेरिकेत आर. न्यू जर्सीतल्या मावशीने ‘अरे, हा तर मोठ्यांचा चित्रपट आहे’ असे कळवले म्हणून योकोहामातल्या मुलाचा बेत मोडण्याचे कारण नाही. दोन्ही शिक्के आपापल्या देशात बरोबरच आहेत.

कधी पाहायचे, हाही प्रश्न आहे. आगाऊ तिकिटे प्रदर्शनाच्या कितीतरी आधी विकायला येतात आणि तोवर वर्गवारी अंतिम झालेलीच असते असे नाही. २०२० च्या जानेवारीत लागलेल्या ‘मेड इन अबिस’ या ॲनिमेशन मालिकेतल्या चित्रपटाची वर्गवारी प्रदर्शनाच्या थोडेच आधी पीजी १२ वरून आर १५+ झाली. पहिल्या घोषणेवर विसंबून ज्या पंधराखालच्या मुलांनी तिकिटे घेऊन ठेवली होती, त्यांचा बेत एका सूचनेने कोलमडला.

*तपासा:* आगाऊ तिकीट घेतले असेल तर प्रत्यक्ष आसन राखण्याच्या दिवशी शिक्का पुन्हा पाहा. काही चित्रपटांच्या आर १५+ आणि आर १८+ अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी लागतात. त्या वेळी तुम्ही निवडलेल्या खेळासमोर कोणती आवृत्ती लिहिली आहे तेही पाहा.

५. शिक्क्यापेक्षा कारणाची ओळ वाचा

हा टप्पा बहुतेक पालक वगळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी टप्पा हाच आहे. एइरिन आपल्या यादीत जी वगळता इतर शिक्क्यांसोबत कारण देते. एखाद्या वाक्याचेच असते, पण त्यात जे सांगितलेले असते ते कुठल्याही ट्रेलरमधून कळत नाही.

परीक्षक पूर्ण झालेला चित्रपट पाहतात आणि ठरावीक मुद्द्यांवर तो तपासतात: विषय आणि त्याची हाताळणी, भाषा, लैंगिक दृश्ये, नग्नता, हिंसा आणि क्रौर्य, भीती आणि धाक, अमली पदार्थ, गुन्ह्यांचे चित्रण. यातल्या कशामुळे शिक्का लागला आणि त्याची तीव्रता किती, एवढे कारणात लिहिलेले असते. भाषांतरात तीव्रतेचे शब्द नीट पाहा. ‘संक्षिप्त’ किंवा ‘थोडक्यात’ असे आले तर ते बहुधा पीजी १२ चे असते, ‘तीव्र’ आले तर आर १५+ चे, आणि ‘अत्यंत तीव्र’ आले तर आर १८+ चे.

पीजी १२ हा शिक्का फार वेगवेगळ्या कारणांनी लागतो. तलवारबाजीतले रक्त हे एक कारण. एखाद्या शांत कौटुंबिक चित्रपटातला थोडक्यात आटोपलेला शारीरिक जवळिकीचा प्रसंग हेही कारण. अल्पवयीन पात्रे दारू किंवा सिगारेट पिताना दिसली, तरी शिक्का लागू शकतो. ‘शॉपलिफ्टर्स’ आणि ‘ड्राइव्ह माय कार’ या दोन्हींना पीजी १२ आहे, ‘डेमन स्लेयर’लाही पीजी १२ आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी हे तीन चित्रपट एकाच पारड्यात टाकणारा पालक शिक्का वाचतो, कारण वाचत नाही. त्यातले दोन त्या मुलाला कंटाळवाणे वाटतील, आणि तिसरा त्याला रात्री जागवेल किंवा आनंदाने उड्या मारायला लावेल. ते त्या मुलावर अवलंबून आहे, आणि तुम्ही त्याला ओळखता.

*सावधान:* जी म्हणजे ‘मुलांचा चित्रपट’ नव्हे. मनाला किती लागेल, हे शिक्का मोजत नाही. ‘सुझुमे’ या ॲनिमेशन चित्रपटाला जी आहे, पण त्यात भूकंप आहेत आणि भूकंपाच्या पूर्वसूचनेसारखा आवाज वाजतो. प्रदर्शनाच्या वेळी तशी स्वतंत्र सूचना द्यावी लागली होती. जपानमध्ये वाढणाऱ्या आणि शाळेत भूकंपाची कवायत करणाऱ्या मुलाला त्या आवाजाने काय होईल, हे शिक्का सांगणार नाही. मृत्यू, युद्ध, आईवडिलांपासूनची ताटातूट हे विषय जी चित्रपटांतही येतात. लहान मुलांना नेणार असाल तर कथेचा सारांश आधी वाचा, शेवट फुटला तरी हरकत नाही.

पीजी १२ मध्ये ‘सल्ला आणि मार्गदर्शन’ म्हटले आहे, ते कधी द्यायचे? अंधारात शेजारी बसून कुजबुजण्याने काही साधत नाही, आणि जपानी प्रेक्षागृहात ते कोणाला आवडतही नाही. घरीच, आधी, आपल्या भाषेत सांगा: ‘यात एक माणूस मरतो, रक्त दिसतं, तुला नको वाटलं तर डोळे मिट आणि माझा हात धर.’ मुलाला कशासाठी तयार राहायचे ते कळले की निम्मी भीती तिथेच जाते. परतताना रेल्वेत पुन्हा बोला. एइरिनला अपेक्षित असलेले मार्गदर्शन म्हणजे हेच.

६. खेळ किती वाजता संपतो?

हा शिक्क्याचा भाग नाही, पण दारावर तितक्याच कडकपणे लागू होतो. प्रांतांच्या अध्यादेशांनुसार अल्पवयीनांना रात्री उशिरा चित्रपटगृहात थांबता येत नाही. टोकियोत रात्री ११ नंतर संपणाऱ्या खेळाला अठराखालच्या कोणालाही प्रवेश नाही, आणि तिथेही पालक सोबत असल्याने काही बदलत नाही. इतर प्रांतांचे नियम वेगवेगळे आहेत. ओसाकात सोळाखालच्या मुलांसाठी आणखी आधीची वेळ आहे. दुसऱ्या शहरात सुट्टीवर जाणार असाल तर त्या शहरातल्या चित्रपटगृहाच्या पानावर हा नियम वाचा. तो तिथे लिहिलेला असतो.

फसगत होते ती सुरुवातीची वेळ पाहिल्याने. ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ १५५ मिनिटांचा आहे आणि त्याला पीजी १२ आहे. साडेआठचा खेळ घेतला तर जाहिराती न धरताही तो ११ वाजून ५ मिनिटांनी संपतो. म्हणजे शिक्क्याप्रमाणे दहा वर्षांचा मुलगा पात्र, आणि वेळेप्रमाणे सतरा वर्षांचाही अपात्र. जपानी वेळापत्रकात खेळ सुरू होण्याची आणि संपण्याची अशा दोन्ही वेळा दिलेल्या असतात. नजर दुसऱ्या वेळेवर ठेवा.

७. आता तिकीट काढा, या क्रमाने

वरचे सर्व झाल्यावरच संकेतस्थळावर जा.

पहिले, चित्रपटाच्या नावाजवळचा शिक्का आणि खेळ संपण्याची वेळ शेवटचे एकदा पाहा. दुसरे, आसने निवडण्याआधी किंवा नंतर येणारी सूचनेची खिडकी न वाचता ‘मान्य’ दाबू नका. आर १५+ आणि आर १८+ ला तिथे वयाची अट लिहिलेली असते, आणि ‘मान्य’ म्हणजे ती तुम्ही वाचली असे धरले जाते. तिसरे, प्रत्येक व्यक्तीसाठी तिकिटाचा योग्य प्रकार निवडा: प्रौढ, महाविद्यालयीन, शालेय, बालक. आर १५+ चित्रपटाला बालकाचा पर्यायच दिसत नसेल तर ते यंत्रणेतला बिघाड समजून प्रौढाचे तिकीट घेऊ नका. प्रौढ दराने पैसे भरले म्हणून मूल प्रौढ ठरत नाही. चौथे, मग पैसे भरा.

एकदा पैसे भरले की बहुतेक साखळ्यांत तिकीट बदलता येत नाही आणि रद्दही करता येत नाही. वयामुळे प्रवेश नाकारला गेला तर तो तुमचा निष्काळजीपणा समजला जातो. म्हणून तर आधीचे सहा टप्पे.

*तपासा:* गटातल्या सर्वांत लहान व्यक्तीचे वय घ्या आणि पूर्ण बेत तिच्यावरून तपासा. धाकट्या भावंडाला चालणारा चित्रपट निवडा, किंवा त्या खेळात एक पालक धाकट्याला घेऊन शेजारच्या पडद्यावर दुसरा चित्रपट पाहील असे आधीच ठरवा. मोठ्या संकुलांत हे सहज जमते, आणि दोन्ही मुले खूश राहतात.

८. दारावर

ओळखपत्र हातात ठेवा. विचारलेच नाही तर पुढे जा. अडवले गेले तर वाद घालू नका. दारावरच्या तरुण कर्मचाऱ्याला अपवाद करण्याचा अधिकार नसतो. मुलासमोर त्याला चढ्या आवाजात बोलण्याने मुलाला दुप्पट लाज वाटते. ओळखपत्र घरी विसरले असेल आणि खरेच वय पूर्ण असेल तर शांतपणे सांगा आणि व्यवस्थापकाला विचारायची विनंती करा.

मुलाला वय खोटे सांगायला शिकवू नका. ‘पंधरा झाली असं सांग’ हे वाक्य घरातल्या घरात हलके वाटते, पण परक्या देशातल्या नियमांकडे आपण कसे पाहतो ते मूल त्यातूनच शिकते.

९. मुंबई, पुणे, नाशिकमध्ये जपानी चित्रपट पाहताना

इथे एइरिनचा शिक्का पूर्ण बाजूला ठेवा. भारतातल्या चित्रपटगृहात लागणाऱ्या प्रत्येक परदेशी चित्रपटाला मुंबईत मुख्यालय असलेल्या सीबीएफसीचे, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, प्रमाणपत्र लागते, आणि दारावर तेच चालते. २०२३ च्या कायदा दुरुस्तीने यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. हे आकडे पालकांसाठी मार्गदर्शक आहेत, प्रवेशबंदी नाहीत. ‘ए’ मात्र बंदी आहे. जपानमध्ये पीजी १२ असलेल्या चित्रपटाला इथे वेगळा आकडा दिसला तर गोंधळू नका. एइरिनच्या यादीतली कारणाची ओळ मात्र इथेही कामाची आहे. चित्रपट तोच आहे, आणि त्यात काय आहे ते ती सांगते. फक्त इथली आवृत्ती कापलेली असू शकते, हे लक्षात ठेवा.

चित्रपट महोत्सवांत नियम पुन्हा वेगळा. तिथे अनेक परदेशी चित्रपट प्रमाणपत्रातून सूट घेऊन दाखवले जातात, आणि अशा खेळांना अठराखालच्यांना प्रवेश नसतो, चित्रपट कितीही सौम्य असला तरी. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, आहे म्हणून मुलांना महोत्सवाला न्यायचा बेत असेल, तर आयोजकांना आधी विचारा.

१०. मराठी चित्रपट जपानमध्ये दाखवायचा असेल तर

टोकियोच्या एदोगावा भागात, विशेषतः निशी-कासाईच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथे आणि इतर शहरांतही आपला चित्रपट एकत्र पाहावा असे मंडळींना वाटते. आयोजनात क्रम चुकतो तो इथे: आधी तारीख जाहीर होते, मग सभागृह शोधले जाते, आणि शिक्क्याचा प्रश्न शेवटी निघतो.

आधी जागा ठरवा, कारण बाकी सगळे तिच्यावर अवलंबून आहे. चित्रपटगृहात व्यावसायिक प्रदर्शन करायचे असेल तर जपानमधल्या वितरकामार्फत एइरिनकडे पूर्ण चित्रपट सादर करावा लागतो. शुल्क लांबीनुसार असते, आणि आपले चित्रपट लांब असतात, तेव्हा ते अंदाजपत्रकात आधीच धरा. ट्रेलर आणि पोस्टर यांचीही तपासणी होते. ती छापून, वाटून झाल्यावर बदल करायला लागला तर दुप्पट खर्च. म्हणून शिक्का हातात आल्यावरच जाहिरात आणि आगाऊ विक्री.

सार्वजनिक सभागृह भाड्याने घेऊन स्वतः खेळ करत असाल तर चित्रपटगृहांच्या संघटनेचा नियम तुम्हाला लागू होत नाही. एखादे चित्रपटगृह एका खेळापुरते भाड्याने घेत असाल, तर शिक्क्याबाबत त्यांची अट काय आहे ते लेखी विचारा.

शिक्का नसलेल्या खेळाला मुलांबाबतची सगळी जबाबदारी आयोजकांवर येते. सीबीएफसीचे प्रमाणपत्र जपानी दारावर कायद्याने काही ठरवत नाही, पण पालकांना तीच ओळखीची खूण आहे. निमंत्रणात ते ठळक लिहा, आणि त्याखाली एइरिनच्या धर्तीवर कारणाची एक ओळ स्वतः लिहा: यात मारामारी किती, शिव्या आहेत का, लहान मुलांना घाबरवणारा प्रसंग आहे का. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला आहे अशा दोघांकडून ती ओळ लिहून घ्या, त्यातला एक जण लहान मुलांचा पालक असू द्या. चित्रपट ‘ए’ प्रमाणपत्राचा असेल तर मुलांसाठी शेजारच्या खोलीत वेगळी सोय करा, आणि तेही निमंत्रणातच सांगा, म्हणजे दोन तासांचा प्रवास करून आलेल्या कुटुंबाला दारावर कळणार नाही.